जांभळ्या शिक्क्याचा कागद

माझ्या उजव्या मनगटानं आयुष्यात सगळ्यात जास्त केलेलं काम म्हणजे शिक्का मारणं. ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून फुकटात पुस्तकं वाचणारी बाई, असं माझ्या सासरच्या बहुतेकांचं मत होतं. त्यांनी एकदा नव्या पुस्तकांचे गठ्ठे येतात त्या दिवशी यायला हवं होतं. प्रत्येक पुस्तकावर किमान तीन शिक्के लागतात: एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या आणि एक मधल्या ठरलेल्या पानावर. हे मधलं पान कोणतं, ते बाहेर सांगायचं नसतं. पुस्तक लंपास करणारा पहिलं पान फाडतो, शेवटचंही फाडतो, मधलं काही त्याच्या लक्षात येत नाही. अकोल्याच्या माझ्या पहिल्या नोकरीत काकडे साहेबांनी मला हे शिकवलं आणि वर दम दिला, ‘हे पान नवऱ्यालाही सांगायचं नाही.’ मी आजवर सांगितलेलं नाही. नवऱ्यानं कधी विचारलंही नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा शिक्का म्हणजे काय, तर ही वस्तू आमची आहे. एवढंच. पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे की खोटं, याच्याशी शिक्क्याचा काही संबंध नाही. आमच्या कपाटात हस्तरेषांची पुस्तकं होती, त्यांच्यावरही तोच जांभळा गोल होता. ही इतकी साधी गोष्ट सगळ्यांना कळत असणार, असं मी गृहीत धरून चालले होते. त्याचीच ही हकिगत आहे.

अकोल्याहून मी अमरावतीला आले ती एका गृहविज्ञान कॉलेजात. आहारशास्त्र, शिवणकाम, बालविकास, कुटुंबसंबंध असे विषय. नवं शतक लागलं आणि तीन-चार वर्षांत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दोन संगणक आले. इंटरनेट आलं. ते सुरू होताना फोनच्या वायरीतून असा काही आवाज यायचा की वाचनकक्षातल्या मुली दचकायच्या. बरं, आलं तरी टिकेल याची खात्री नाही, कारण लाइन, म्हणजे वीज, जायची. त्या वर्षांत आमच्याकडे लाइन असणं हाच अपवाद होता.

मुलींचे प्रकल्प असत, त्यासाठी मी शोधून द्यायचे. हळूहळू मुलींच्या आया यायला लागल्या, मग वहिन्या, मग शेजारणी. पोरगा अंगठा चोखतो. पोरगी माती खाते. सून कोणाशी बोलत नाही. डॉक्टरला विचारायचा संकोच, घरी विचारायची सोय नाही. कॉलेजातल्या बाईला विचारलं तर कोणाला काही कळत नाही. प्राचार्यांनी दुर्लक्ष केलं आणि मी त्या दुर्लक्षालाच परवानगी समजले. खरं सांगायचं तर मला या कामाचं वेड लागलं होतं. पुस्तकाच्या कपाटात एक प्रश्न घालून एक उत्तर निघतं. इथे एक प्रश्न घातला की हजार पानं समोर येत होती आणि त्यातली नऊशे तरी बनावट असणार, हे मला वासावरूनच कळायचं.

ओळखायचं कसं, हे मला अजूनही लोक विचारतात. त्यात काही मोठी विद्या नाही. दारात अनोळखी माणूस आला की आपण काय विचारतो? कोण तुम्ही, कुठून आलात, काय काम काढलंत. पानालाही तेच विचारायचं. लिहिणाऱ्याचं नाव आहे का? तो काय शिकलाय? हे लिहिलं कधी? आणि पानाच्या कडेला मुलांची उंची वाढवणारी पावडर विकायला ठेवली असेल तर ‘तुमचं मूल बुटकं तर नाही ना?’ हा लेख कोणासाठी लिहिलाय, ते समजून घ्यायचं. नाव नसलेलं पान मी बंद करायचे. हा माझा पहिला नियम. तो मी मुलींना फार ऐटीत शिकवायचे.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. अकोल्याचे एक निवृत्त हेडमास्तर महिन्यातून एकदा बसनं यायचे. त्यांचा मुलगा त्यांच्या मनाविरुद्ध पुण्याला नोकरीला गेला होता. ते म्हणायचे, ‘मॅडम, मुलानं बापाचं ऐकलंच पाहिजे, असं मानसशास्त्रात जिथं लिहिलं असंन, ते काढून द्या.’

मी म्हणायचे, ‘सर, तसं नसेल लिहिलेलं तर?’

‘इतकं मोठं इंटरनेट आहे म्हणता, कुठंतरी असंनच की जी!’

आणि ते होतंच! कोणा एका पंथाच्या साइटवर अगदी हवं तसं लिहिलेलं मिळालं. मी छापून दिलं नाही. सर सहा महिने रुसले.

भातकुलीची एक आई आली होती. कोणीतरी तिला मुलांच्या वाढीचा तक्ता दिला होता. त्यात लिहिलं होतं की अमुक वयाचं मूल हात धरून जिना चढतं. ‘मॅडम, आमचं पोट्टं नाई चढत.’ मी विचारलं, घरी जिना किती पायऱ्यांचा आहे? ती म्हणाली, ‘जिना नाई. वसरी हाय फक्त. गावात जिना नुसता पाण्याच्या टाकीले हाय.’ मी हसले, मग मला हसल्याची लाज वाटली. तक्ता खरा होता, नाव होतं, पदवी होती, सगळं होतं. फक्त लिहिणाऱ्यानं जिना नसलेलं गाव पाहिलं नव्हतं. हे माझ्या नियमांत कुठेच बसत नव्हतं.

आणि एक काम असं झालं की त्याचा मला आजही अभिमान आहे. चांदूर बाजारकडच्या एका गावातले जिल्हा परिषद शाळेचे वानखडे सर आले. त्यांच्या वर्गातल्या तिसरीच्या मुलीच्या वडिलांनी जीव दिला होता. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव संगणकात टाकलं की त्याच बातम्या वर यायच्या. नावं, गावं, मागे कोण राहिलं. मागे राहिलेल्या लेकराशी बोलायचं काय, हे एकाही बातमीत नसायचं. त्या मुलीला घरच्यांनी सांगितलं होतं, बाबा दूर गावी गेलेत. ती रोज शाळा सुटली की एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. दोन दिवस शोधल्यावर मला एक पान सापडलं. लहान मुलांच्या डॉक्टरांनी लिहिलेलं, नावानिशी. त्यातलं तिकडच्या मुलांच्या वेगळ्या खोलीचं, खेळण्यांचं आणि पाळलेल्या कुत्र्याचं मी सोडून दिलं. राहिलं ते असं, की मुलाला दूर गेले, झोपले असं सांगू नये. वारले हाच शब्द वापरावा, जवळ बसून सांगावं, आणि तुझी चूक नाही हेही सांगावं. सरांनी तिच्या आजोबांना राजी केलं. ती खूप रडली आणि मग थांब्यावर जायची थांबली. हे सांगायला सर खास आले होते. मी दोन दिवस हवेत होते.

ही पानं इंग्रजीत असायची. म्हणून मी छापलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर मराठीत चार ओळींत सार लिहून द्यायचे. आणि ग्रंथालयातून कुठलाही कागद शिक्क्याशिवाय बाहेर जात नाही, या काकडे साहेबांच्या शिस्तीप्रमाणे खाली जांभळा गोल उमटवायचे. हात आपोआप जायचा.

वानखडे सरांनीच युनूसभाईंना माझ्याकडे पाठवलं. त्यांचं चांदूर बाजारला गाद्या-रजयांचं दुकान. पुढे दुकान, मध्ये कापूस पिंजायची मशीन, मागे घर. अमरावतीला कापड घ्यायला आले की यायचे, नीट चप्पल बाहेर काढून. ग्रंथालयात चपला काढणारे ते एकटेच.

‘मॅडम, माहा पोरगा अयान. अडीच वर्षाचा झाला. बोलत नाई.’

‘ऐकू येतं ना त्याला?’ मी विचारलं. हे मी विचारलं होतं, हे मला स्वतःला नंतर पुष्कळदा सांगावं लागलं.

‘ऐकते ना जी! मशीन सुरू केली की घराच्या आतून पयत येते. कुठं बी असू द्या.’

झालं, माझा प्रश्न मिटला. घरात कोणती भाषा, विचारलं. घरात उर्दू, हिंदी, गल्लीत वऱ्हाडी. मी शोधायला बसले आणि एकामागून एक पानं सांगू लागली की दोन भाषांच्या घरातली मुलं उशिरा बोलतात, त्यातून मुलगे तर फारच उशिरा. दहा ठिकाणी एकच गोष्ट. दहाही पानांवर वाक्य जवळजवळ तेच होतं, हे मला दिसलं होतं आणि मला ते दहा साक्षीदार वाटले. एकानं लिहिलं आणि नऊ जणांनी उतरवलं, हे सुचलं नाही. त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या पानाच्या शेवटी एक ओळ होती, की आधी कान तपासून घ्यावेत. ते काम तर झालेलं होतं, बापानं सांगितलंच होतं की. लाइन जायची वेळ झाली होती. मी कागद काढला आणि मागे चार ओळी लिहिल्या:

‘दोन भाषांच्या घरात मूल उशिरा बोलू शकते. मुलगे थोडे जास्तच उशिरा बोलतात. घाबरू नका. वर्षभर वाट पाहा.’

आणि शिक्का.

युनूसभाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला. ‘बहोत मेहरबानी,’ म्हणाले.

दीड वर्ष गेलं. एके दिवशी दुपारी कडक गुलाबी साडीतली एक बाई ग्रंथालयात शिरली आणि माझ्या टेबलावर एक झेरॉक्स आपटली.

‘हा शिक्का तुमचा का जी?’

मी पाहिलं. शिक्का आमचा होता. चार ओळी माझ्या अक्षरातल्या होत्या.

‘मी शोभा. अंगनवाडीची. युनूसभाईचं घर माह्या वस्तीत येते. एक वर्षापासून मी डोकं फोडून राहिली का पोराचे कान तपासा, कान तपासा. मी पाठीमांगून थाळी वाजवली, त्यानं पायलं बी नाई. अन् हे लोक मले हा कागद दाखवते! कॉलेजचा शिक्का हाय म्हणते, शोभाताई, तुमी काय कॉलेजपेक्षा जास्त शिकल्या का? फरेम करून लावला त्याईनं दुकानात. गावात चार जनाईनं झेरॉक्स काढून नेली.’

तिनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

‘हे लिवलं कोनं? नाव कुठं हाय? नुसता शिक्का मारला. भांडाचं कोनाशी मग, शिक्क्याशी?’

नाव नसलेलं पान मी बंद करायचे, ऐटीत. आणि माझ्याच कागदावर नाव नव्हतं. मला शोभाताईचा राग आला, इतका की मी म्हणाले, ‘अहो, पण त्याला मशीनचा आवाज येतो म्हणाले होते ते!’

‘येते,’ ती थबकून म्हणाली. ‘तेच तं मले बी समजत नाई. मशीनीपाशी पयत येते, थाळीले ढुंकून पायत नाई.’

इथे मी माझा एक दोष सांगते. त्या क्षणी माझं मन लाजेनं भरायला हवं होतं आणि ते भरलंही, पण त्याच्या शेजारीच एक निखळ कुतूहल येऊन बसलं. असं कसं होईल? दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि चांदूर बाजारची बस धरली.

शोभाताईबरोबर दुकानात शिरताच समोर भिंतीवर माझा कागद होता, काचेत. त्याच्या बाजूला मक्केचं चित्र. मी मान खाली घातली. युनूसभाईंनी मला पाहून तिथल्या तिथे चहा सांगितला. अयान आत फरशीवर दोऱ्याच्या बॉबिनी मांडत बसला होता, चार वर्षांचा, टपोऱ्या डोळ्यांचा. ‘पाहा हं,’ म्हणून युनूसभाईंनी मशीन सुरू केली. सगळं दुकान थरथरलं, कापूस उडायला लागला आणि अयान खरोखरच पळत आला, हसत. युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. शोभाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कोणाकडे पाहावं ते मला कळेना.

मग अयानची आई रेहाना बाहेर आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, दुपारी झोपतो का?

‘सोता है जी. वो उधर, गाद्यों के ऊपर.’ तिनं तयार गाद्यांची कमरेएवढी थप्पी दाखवली.

‘मशीन सुरू असताना?’

‘हाँ. दिनभर चलती रहती, इसे कुछ फरकच नहीं पड़ता. नींद का पक्का है.’ एवढं बोलून ती थप्पीकडे पाहू लागली. मग माझ्याकडे न पाहता नवऱ्याला म्हणाली, ‘सुनो, मशीन बंद करो.’

तिनं अयानला उचलून गाद्यांच्या थप्पीवर बसवलं, भिंतीकडे तोंड करून, हातात एक बॉबिन देऊन. ‘अब चलाओ.’

मशीन धडधडली. अयान बॉबिन फिरवत होता. युनूसभाईंनी बंद केली, पुन्हा सुरू केली. अयान बॉबिन फिरवत होता. मग रेहानानं त्याला खाली फरशीवर उभं केलं, अनवाणी. मशीन सुरू झाली आणि त्यानं लगेच पायांकडे पाहिलं, मग वळून मशीनकडे, आणि हसला.

त्याला आवाज येत नव्हता. त्याला फरशी कळत होती.

रेहाना खाली बसली आणि पदर तोंडात घालून रडली. युनूसभाई मशीनच्या बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी त्यांना म्हणाले, ‘माझं चुकलं. त्या कागदावर कान तपासा असं होतं, ते मी लिहिलं नाही.’

ते म्हणाले, ‘नाई मॅडम. मीच तं बोललो होतो तुमाले, ऐकते म्हणून.’

ते मला एखादा शब्द वाईट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. शोभाताईनं ती कसर परतीच्या बसपर्यंत भरून काढली, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

अयानच्या कानांची तपासणी अमरावतीला झाली. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होतं. मशीन लागली, म्हणजे कानाची, आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेत नाव घातलं. अकोल्यात अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे रेहाना दर आठवड्याला त्याला घेऊन जायची. मी एकदा सोबत गेले. त्या बाईंना विचारलं, दीड वर्ष आधी आणलं असतं तर? त्या सरळ म्हणाल्या, ‘भाषा शिकायला लहान वयाचा प्रत्येक महिना मोलाचा असतो. फरक पडला असता.’ किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बोलण्याच्या ओघात त्यांनी हेही सांगितलं की दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबतं, हेच मुळात खरं नाही. म्हणजे माझ्या चार ओळींतली पहिली ओळसुद्धा गेली.

त्या चार झेरॉक्स शोभाताईनं आणि मी घरोघरी जाऊन परत आणल्या. तीन मिळाल्या. चौथी कोणाकडे गेली ते कळलं नाही. ती अजून कुठेतरी कोणाला वाट पाहायला सांगत असेल, हा विचार मला भाजी चिरतानाही येतो.

त्यानंतर मी काम बंद केलं नाही. पण लोकांना लिहून द्यायच्या कागदावर शिक्का मारणं बंद केलं. प्रत्येक कागदाच्या खाली माझं पूर्ण नाव लिहायला लागले, तारीख घालायला लागले, आणि ‘हे मी वाचले आहे, मूल पाहिलेले नाही’ अशी ओळ. लोकांना ते मुळीच आवडलं नाही. हेडमास्तर म्हणाले, ‘शिक्का नाई तं मंग काय उपयोग, मॅडम?’ आणि तक्ता घेऊन कोणी आलं की मी आधी घर कसं आहे ते विचारायचे. जिना आहे का, फरशी कशी आहे, मूल झोपतं कुठे. लोकांना वाटायचं, बाईला चौकशाच फार.

मी निवृत्त व्हायला महिना राहिला असताना युनूसभाई आले. सोबत अयान, उंच झालेला, मिसरूड फुटू लागलेलं, दोन्ही कानांमागे यंत्रं. दोघांनीही चपला बाहेर काढल्या. युनूसभाईंच्या हातात पिशवी होती. त्यांनी तिच्यातून ती चौकट काढली, दुकानातली.

‘दुकानाले रंग दिला, मॅडम. हे उतरवलं. फेकाचं मन नाई झालं.’ मग मुलाला खांद्याला हात लावून वळवलं, त्याला तोंड दिसेल असे समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘वाच. मॅडमले वाचून दाखव.’

त्यांना खरंच काही दुसरं सुचवायचं नव्हतं. पोरगा मराठी वाचतो, हे मला दाखवायचं होतं, एवढंच. अयाननं चौकट धरली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज जाड, एका पट्टीतला, आणि फार मोठा. एकेक शब्द तो पाय रोवून म्हणत होता. ‘घाबरू. नका. वर्षभर. वाट. पाहा.’

मी ते सगळं ऐकलं. मग चौकट मागून घेतली, मागचे खिळे काढले, कागद बाहेर काढला. शिक्का अजून जांभळाच होता. त्याच्या खाली थोडी जागा होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं: ‘वरचे चुकीचे आहे. आधी कान तपासा. – कुमुद काळमेघ.’

अयाननं कागद माझ्या हातातून घेतला आणि न सांगताच तेही वाचलं. माझ्या नावापाशी अडखळला, ओठ जुळवले, पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. वाचनकक्षातल्या मुलींनी माना वर केल्या. त्याच्या डोक्यावर भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी होती, मीच लावलेली. तीस वर्षं मी याहून बारीक आवाजावर बोट ओठांवर ठेवत आले होते.

त्याला दिसेल असं समोर उभं राहून मी म्हटलं, ‘पुन्हा वाच.’